‘घुमट’ : एका शब्दाचा आकार आणि नाद

अंबरनाथच्या शिवालयाचे वर्णन करणाऱ्या मराठी लेखनात सभामंडपाच्या छतास सर्रास ‘घुमट’ असे म्हटलेले आढळते. कल्याण स्थानकापासून मध्य रेल्वेने विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ओलांडले की अंबरनाथ येते आणि वालधुनी नदीच्या काठी हे मंदिर उभे आहे. येथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मम्वाणी राजाच्या काळातील आहे. उत्तर कोकणात मुसलमानी सत्ता येण्याच्या कितीतरी आधीचे हे बांधकाम होय. ‘घुमट’ हा शब्द मात्र फारसी ‘गुंबद’शी जोडला जातो. अकराव्या शतकातील हिंदू मंदिराच्या छतास फारसी वळणाचा शब्द लागल्यामुळे वाचकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. त्या वास्तूवर परकीय शैलीचा प्रभाव मानावयाचा काय? आणि तसे नसेल, तर हा शब्द तेथे कितपत योग्य ठरतो? या प्रश्नांची उत्तरे शोधताना ‘घुमट’ या शब्दाचे मराठीतील एकंदर स्वरूपच तपासावे लागते.

१. वस्तू एक, तत्त्वे दोन

अंबरनाथच्या सभामंडपात मध्यभागी चार कोरीव स्तंभ असून त्यांवर हे गोल छत पेललेले आहे. दगडांचे वर्तुळाकार थर एकावर एक रचलेले असून प्रत्येक वरचा थर खालच्या थरापेक्षा थोडा आत काढलेला आहे. वर्तुळे अशी लहान होत जाऊन शेवटी मध्यबिंदूशी मिटतात. या रचनेत प्रत्येक दगड आडवा बसतो आणि वरच्या वजनाने जागच्या जागी दाबून धरला जातो. शिल्पशास्त्रीय ग्रंथांत अशा छताला ‘वितान’ ही संज्ञा असून समतल, क्षिप्त आणि उत्क्षिप्त असे त्याचे प्रकार सांगितलेले आहेत. मध्यभागी लोंबणाऱ्या कमलाकृती शिलेस ‘पद्मशिला’ म्हणतात.

विजापूरच्या गोल घुमटाचे तत्त्व याहून सर्वस्वी वेगळे आहे. मुहम्मद आदिलशहाची (मृत्यू १६५६) ही कबर. तिच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. येथे भार पेलला जातो तो कमानीच्या तत्त्वाने. चौकोनी दालनावर गोल घुमट बसविण्यासाठी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उभारून चौकोनाचे रूपांतर हळूहळू वर्तुळात केले आहे. घुमटाचा बाहेरच्या बाजूस पडणारा रेटा त्या कमानींनी आणि भिंतींच्या जाडीने सावरला आहे. अंबरनाथच्या थरांच्या रचनेत असा बाहेरचा रेटा जवळजवळ नसतो.

दोन्ही ठिकाणी डोळ्यांना दिसतो तो उपड्या वाटीचा आकार. मराठीने नाव दिले ते त्या दिसणाऱ्या आकाराला. त्यामागील बांधकामाच्या तत्त्वाला नव्हे. म्हणून अंबरनाथच्या छतास ‘घुमट’ म्हटल्याने त्यावर मुसलमानी प्रभाव सिद्ध होत नाही. मात्र कलेतिहासाच्या लेखनात ‘थरांचा घुमट’ आणि ‘कमानीचा घुमट’ असा भेद स्पष्ट केला नाही, तर दोन वेगळ्या परंपरा एकाच शब्दाखाली झाकल्या जातात. शक्य तेथे ‘वितान’ ही जुनी संज्ञा वापरणे अधिक काटेकोर ठरेल.

२. गुंबद, गुम्मट, घुमट

फारसीत ‘गुंबद’ हा शब्द घुमटास आणि घुमट असलेल्या इमारतीसही लागतो. दख्खनमध्ये त्याचा अर्थ आणखी संकोचून ‘कबरीची इमारत’ असा झाला. कलबुर्गी येथील बहमनी सुलतानांच्या थडग्यांच्या समूहास ‘हफ्त गुंबज’ म्हणजे ‘सात घुमट’ म्हणतात. तेथे गुंबज म्हणजे थडगेच. येथे अवयवाचे नाव संपूर्ण वास्तूला मिळाले आहे.

हिंदी-उर्दूत ‘गुंबद’ व ‘गुंबज’ ही रूपे राहिली. मराठीत मात्र अंत्य व्यंजन ‘ट’ झाले. हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नव्हे. कन्नडात हाच शब्द ‘गुम्मट’ असा असून विजापूरच्या वास्तूस कन्नड भाषक ‘गोळगुम्मट’ म्हणतात. तेलुगूतही ‘गुम्मटमु’ हे रूप आहे. म्हणजे ‘ट’कारान्त रूप हे दख्खनच्या तिन्ही शेजारी भाषांचे समान धन होय. बहमनी आणि आदिलशाही राजवटींत या तिन्ही भाषा बोलणारे कारागीर, कारकून आणि रयत एकाच व्यवहारात वावरत होते, हे लक्षात घेतले तर या साम्याचे आश्चर्य वाटत नाही.

तथापि मराठी रूपात एक गोष्ट शेजाऱ्यांहून निराळी आहे. कन्नड-तेलुगूत आरंभी ‘ग’ आहे, तर मराठीत महाप्राण ‘घ’ आहे. हा महाप्राण कोठून आला? त्याचे सर्वांत संभाव्य उत्तर मराठीतील ‘घुमणे’ या क्रियापदात सापडते.

३. घुमणे

प्राकृतात ‘घुम्मइ’ म्हणजे गरगर फिरतो, डोलतो. संस्कृत ‘घूर्ण्’ या धातूचा आदेश म्हणून हेमचंद्राच्या व्याकरणात ते रूप आले आहे. मराठी ‘घुमणे’ या क्रियापदात हे डोलणे शिल्लक आहे. अंगात आलेली व्यक्ती ‘घुमते’ असे आपण म्हणतो. त्याच्या जोडीला नादाचा अर्थ आहे. वळचणीला पारवे घुमतात, रिकाम्या वाड्यात आवाज घुमतो. नवरात्रातील अष्टमीस महालक्ष्मीपुढे घागरी फुंकल्या जातात. त्या वेळी घागरीच्या तोंडाशी फुंकर घालून काढलेला आवाज घुमतो आणि फुंकणारी स्त्रीही घुमते. पोकळी, नाद आणि डोलणे या तीनही गोष्टी त्या विधीत एकत्र येतात. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घरांतून आणि मंडळांतून हा विधी परिचित आहे.

आता एखाद्या घुमटाखाली उभे राहून शब्द उच्चारला तर काय होते, ते पाहावे. गोल घुमटाच्या आतील सज्जात भिंतीशी कुजबुजलेले समोरच्या टोकाला ऐकू येते आणि टाळीचा प्रतिध्वनी अनेक वेळा उमटतो. ज्या वास्तूत आवाज घुमतो तिचे नाव ‘गुम्मट’ असे कानावर पडल्यावर मराठी भाषकाने ते ‘घुमट’ असे ऐकले असावे. परका शब्द स्वीकारताना समाज त्याला परिचित धातूशी जोडून घेतो, या प्रक्रियेस लोकव्युत्पत्ती म्हणतात. लोकव्युत्पत्ती शास्त्रीय दृष्ट्या चुकीची असली तरी भाषिक दृष्ट्या ती खरी घटना असते, कारण ती शब्दाचे रूप प्रत्यक्षात बदलते. ‘घुमट’मधील ‘घ’ हा या घटनेचा पुरावा मानता येईल.

४. मातीचा घुमट

गोव्यात आणि लगतच्या कोकणात ‘घुमट’ हे एका वाद्याचेही नाव आहे. मातीच्या भांड्यास दोन तोंडे ठेवून मोठे तोंड चामड्याने मढवितात आणि लहान तोंड उघडे ठेवतात. एका हाताने चामड्यावर वाजविताना दुसरा हात उघड्या तोंडावर झाकून वा काढून नाद बदलतात. पूर्वी यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) घोरपडीस संरक्षण मिळाल्यानंतर बकऱ्याच्या चामड्याचा वापर पुढे आला. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. गणेशोत्सवातील घुमट-आरत्यांत आणि ख्रिस्ती समाजाच्या मांडो गायनातही ते वाजते.

वास्तूचा घुमट मराठीत पुल्लिंगी, तर वाद्य ‘ते घुमट’ असे नपुंसकलिंगी चालते. लिंगभेदामुळे हे दोन स्वतंत्र शब्द मानावेत असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि उगमाच्या दृष्टीने ते तसे असूही शकतील. परंतु बोलणाऱ्याच्या मनात दोहोंना बांधणारे सूत्र एकच आहे : गोल पोकळी आणि तीत घुमणारा आवाज. मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा यांसारख्या गोमंतकीय देवालयांवर शिखराच्या जागी घुमट आहे. अशा देवालयात आरतीच्या वेळी वर एक घुमट असतो आणि खाली दुसरे घुमट वाजत असते.

याच शब्दाचे लघुरूप ‘घुमटी’. तिचा अर्थ लहान देऊळ वा समाधीवरील छोटी वास्तू असा होतो. ‘गुंबज’शी दख्खनमध्ये जोडला गेलेला स्मारकाचा अर्थ येथे मराठी देवधर्माच्या चौकटीत आलेला दिसतो.

५. इंग्रजी ‘डोम’ आणि आजचा वापर

इंग्रजी ‘डोम’चा प्रवास उलट दिशेने झाला आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘दोमुस’ म्हणजे घर. ते देवाचे घर या अर्थाने इटालियन ‘दुओमो’त गेले आणि मोठ्या चर्चवरील गोल छतामुळे शेवटी त्या छताचे नाव झाले. वैदिक ‘दम’ म्हणजे घर हा शब्द याच कुळातला असून ‘दंपती’ या शब्दात तो आजही जिवंत आहे. पश्चिमेत घराचे नाव छताला मिळाले, तर दख्खनमध्ये छताचे नाव थडग्याला मिळाले.

मराठीत ‘डोम’ हे ऋणरूप सभागृहांच्या आणि कॅमेऱ्यांच्या नावांत शिरले आहे. परंतु मराठीत ‘डोमकावळा’ आणि जातिवाचक ‘डोंब’ हे शब्द आधीपासून आहेत. त्यामुळे या ध्वनिरूपास मराठी कानात निराळेच संदर्भ चिकटतात. ‘घुमट’सारखा रुळलेला शब्द असताना ‘डोम’ स्वीकारण्याचे कारण दिसत नाही. ‘घुमटाकार’ हे विशेषण शास्त्रीय लेखनातही सहज चालते.

गोराई येथे २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या विपश्यना पॅगोडाच्या मध्यवर्ती दालनावर सुमारे ८५ मीटर व्यासाचा, आधारस्तंभ नसलेला दगडी घुमट आहे. तो मौनासाठी बांधलेला आहे, तरीही मराठी भाषक त्यास निःसंकोच घुमटच म्हणतात. नादाचा अर्थ येथे मागे सरला आहे आणि आकाराचा अर्थ पूर्णपणे पुढे आला आहे. ‘आकाशाचा घुमट’ या साहित्यिक प्रयोगातही तेच झालेले दिसते.

भाषाशुद्धीच्या दृष्टीने ‘घुमट’ला फारसी ठरवून बाजूस सारणे हे म्हणूनच अपुऱ्या विचाराचे ठरेल. तो शब्द फारसीतून निघाला, दख्खनच्या शेजारभाषांबरोबर ‘ट’कारान्त झाला आणि मराठी धातूच्या संस्काराने ‘घ’कारादी झाला. उगम परका असला तरी आजचे रूप मराठीने स्वतः घडविलेले आहे. अंबरनाथच्या वितानास घुमट म्हणताना अभ्यासकाने एवढेच भान ठेवावे की हा शब्द त्या छताचा आकार सांगतो. त्याचा काळ आणि त्याची परंपरा मात्र शिलालेखाला आणि दगडांच्या थरांना विचारावी लागते.