शाळा घरी, पण पुस्तक कोणते?

गेल्या जूनपासून आमच्या आसनगावच्या घरात एक नवी शाळा भरू लागली आहे. पटावर विद्यार्थी एक, शिक्षक दोन आणि तपासनीस म्हणून नातेवाईक अगणित!

विद्यार्थी म्हणजे आमचे ११ वर्षांचे चिरंजीव. तो बोलताना अडखळतो. धडा वाचायची पाळी आली की वर्ग हसायचा. हळूहळू तो वर्गात वाचेनासा झाला, मग घरीही बोलेनासा झाला. तेव्हा आम्ही उभयतांनी त्याला घरी शिकवायचे ठरवले. ठरवणे सोपे; शिकवायचे काय, हा प्रश्न अवघड.

यजमान केंब्रिजच्या अभ्यासक्रमाच्या बाजूचे. शुल्काचा आकडा कळला आणि ते आपणहून गप्प झाले. धाकट्या बहिणीने १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे नाव काढले. तिथे १४ वर्षे पूर्ण झाली की दहावीला बसता येते. विषय पाच, त्यांत निदान एक भाषा. मराठीही घेता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी ५ वर्षे चालते. एकेक विषय सवडीने सोडवावा. शिवाय राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. म्हणजे परीक्षेची वाट मोकळी होती. पण वाचकहो, परीक्षा म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. मधली तीन वर्षे कशाने भरायची?

तेव्हा कोसबाड आठवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडले, १९५७ साली ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर या बायांनी शाळाच कुरणात नेली. पाने, बिया, शंखशिंपले ही त्यांची साधने. मग आमच्या दारातला माहुली किल्ला आणि जवळचे भातसा धरण काय वाईट? एकाने इतिहास-भूगोल शिकवावा, दुसऱ्याने मुंबईच्या नळाला पाणी येते कोठून ते सांगावे. भाषा आणि गणिताला मात्र कणा हवा, म्हणून १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके घेतली. ती संगणकावर फुकट मिळतात, हे यजमानांना विशेष आवडले.

एवढे ठरवून मी समाधानाने बसले होते. तोच भांडी घासता घासता आमच्या कामवाल्या मावशी म्हणाल्या, "बाई, आमची पोर आश्रमशाळेत टिकावी म्हणून आम्ही देव पाण्यात घातले, न् तुम्ही पोराला शाळेतनं काढलं?"

मला उत्तर सुचले नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा मला ठाऊक होता. पण त्या हक्कासाठी त्यांना किती झगडावे लागते, हे त्यांनाच ठाऊक.

गणपतीच्या सुट्टीत त्यांची लेक घरी आली होती. आईबरोबर आमच्याकडे आली, पायरीवर बसली. चिरंजीव पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बसले आणि मोठ्याने वाचू लागले. एका शब्दावर गाडी अडली. मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी. ती मुलगी हसली नाही, शब्दही पुरवला नाही, नुसती थांबली. शब्द आला, वाक्य पुरे झाले.

अभ्यासक्रम आम्ही निवडला खरा. पण असे थांबणारे सोबती कोणत्याच अभ्यासक्रमाबरोबर येत नाहीत. ते शोधावे लागतात. आता दिवाळीच्या सुट्टीची वाट त्याच्याइतकीच मीही पाहते आहे.