जीएसटीचा आकडा वाढला म्हणजे गावात पैसा आला का?

मंचर : ‘जीएसटी वसुलीत महाराष्ट्र पुन्हा अव्वल’ अशी बातमी दर थोड्या दिवसांनी मोबाईलवर येते. एप्रिल २०२५ मध्ये देशात २ लाख ३६ हजार ७१६ कोटी रुपये जमा झाले. त्यात महाराष्ट्राचे ४१ हजार ६४५ कोटी, म्हणजे आधीच्या एप्रिलपेक्षा ११ टक्के जास्त. पण कांद्याची पट्टी खिशात घालून मंचरच्या बाजार समितीतून घरी निघालेला शेतकरी विचारतो, एवढा पैसा फिरतोय तर आपल्याकडे का दिसत नाही?

आकडा कशाचा असतो?

विक्रीवरचा कर काही नवा नाही. तेव्हाच्या मुंबई प्रांतात तो १९४६ ला आला. २००५ ला त्याच्या जागी व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. पेट्रोल, डिझेल आणि दारूवर अजून व्हॅटच आहे.

दुकानदार या महिन्यात माल विकतो आणि त्याचा कर पुढच्या महिन्यात भरतो. त्यामुळे एप्रिलचा आकडा म्हणजे मार्चची विक्री. मार्चअखेर हिशोब मिटवायची घाई असते, म्हणून एप्रिलचा आकडा नेहमीच फुगलेला दिसतो. तुलना करायची तर एप्रिलची एप्रिलशीच करावी, मे महिन्याशी नाही.

बाजार थंडावला की हा आकडा लगेच सांगतो. एप्रिल २०१९ ला देशात १ लाख १३ हजार ८६५ कोटी जमा झाले होते. लॉकडाऊनच्या एप्रिल २०२० ला फक्त ३२ हजार १७२ कोटी आले. कर भरायला मुदतवाढ होती हे खरं, पण दुकानंही बंदच होती.

शेतमाल यात दिसत नाही

कांदा, बटाटा, टोमॅटो, सुटं दूध यांवर जीएसटी शून्य आहे. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. त्या टोमॅटोचा एक रुपयाही या आकड्यात नाही. भाव मातीमोल झाला तरी तो यात दिसणार नाही.

दिसते ती शेतकऱ्याची खरेदी. खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के, पीव्हीसी पाईपवर १८ टक्के. व्यापारी आपण खरेदीवर भरलेला कर पुढच्या विक्रीच्या करातून वजा करून घेतो. शेतकऱ्याच्या मालावर करच नाही, मग वजा कशातून करणार? तो बोजा त्याच्याच अंगावर राहतो. म्हणजे कांद्यात तोटा झाला तरी औषध-पाईपच्या बिलातून सरकारी आकड्यात त्याची भर पडलेलीच असते.

आकडा फसवतो कुठे?

पहिली गोष्ट, महागाई. शंभराची वस्तू एकशेदहाला झाली की कर आपोआप वाढतो, माल तेवढाच खपलेला असतो.

दुसरी, दर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, सिमेंटचा २८ वरून १८. समजा करापूर्वी ७ लाखांचा ट्रॅक्टर आहे. आधी कर ८४ हजार होता, आता ३५ हजार. पूर्वी शंभर ट्रॅक्टर खपले तर ८४ लाख जमा व्हायचे. आता दोनशे खपले तरी ७० लाखच. विक्री दुप्पट, तरी वसुली कमी! अशा वेळी आकडा घसरला म्हणून मंदी आली, असं म्हणता येत नाही.

तिसरी, वाटणी. महाराष्ट्राच्या नावावरचे सगळे पैसे राज्याचे नसतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १८ टक्क्यांतले ९ केंद्राला जातात. इथल्या कंपनीने परराज्यात विकलेल्या मालाचा करही या आकड्यात मोजला जातो, राज्याचा हिस्सा मात्र माल जिथे गेला त्या राज्याला मिळतो.

मग बघायचं काय?

राज्याची दुकानदारी आणि कारखानदारी कशी चाललीय, हे जीएसटीवरून कळतं. आंबेगाव-जुन्नरची शेती कशी चाललीय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मंचर, नारायणगाव, ओतूरचे बाजारभाव आणि आवक बघायची, आणि त्यातून खत-औषधाचं बिल वजा करायचं. हातात किती उरलं, तेच गावाचं खरं माप.