गांव सुटलें, नांव राहिलें

इंग्रजी आडनांवें आपण नित्य वाचतों. परंतु त्यांतील पुष्कळशीं मुळांत गांवांचीं नांवें आहेत, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. शेवटीं ‘टन’ आला म्हणजे जुन्या इंग्रजींतील ‘टून’, अर्थात् कुंपणाची शेतवाडी. ‘न्यूटन’ म्हणजे नवी वाडी! नवव्या शतकांत डेन लोक तेथें स्थायिक झाले. गांव या अर्थाचा ‘बी’ हा प्रत्यय त्यांचा. डर्बी हें नांव त्यांतलेंच.

परंतु जेथें सारेच एका गांवचे, तेथें गांवावरून माणूस ओळखावा कसा? म्हणून असें नांव मुख्यतः दोघांस चिकटलें : गांवचा धनी झालेल्या सरदारास, आणि गांव सोडून परक्या ठिकाणीं गेलेल्या सामान्य माणसास. ज्यांचें आडनांव ‘कर’कारान्त आहे, अशा वाचकांस हें निराळें सांगावयास नको.

जुन्या डरहॅम परगण्यांतील वॉशिंग्टन गांवाचेंच पाहा. या नांवाच्या मुळाशीं एक विस्मृत सॅक्सन पुरुष आहे, असें भाषापंडित मानतात. बाराव्या शतकांत विल्यम नामक सरदारानें तें गांव मिळवून हार्टबर्न हें आपलें पूर्वीचें नांव टाकलें. पुढें सतराव्या शतकांत त्या घराण्याची एक शाखा व्हर्जिनियांत गेली. तिच्यांतच जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले, आणि १७९१ सालीं अमेरिकेच्या नव्या राजधानीस त्यांचें नांव मिळालें.

वाडीचें कुंपण केव्हांच मोडलें. तिच्या मूळ मालकाचें नांव मात्र सातासमुद्रांपलीकडे नांदत आहे. आडनांव सांगतांना आपणही कोणा विसरलेल्या गांवाचेंच स्मरण करीत असतों, असें आम्हांस वाटतें.