डाळिंबाची गुटी घरच्या घरी



उसाच्या जोडीला विहिरीजवळच्या चार-पाच गुंठ्यांत किंवा परसात डाळिंब लावण्याचा विचार केम भागातील बरेच सभासद करतात. गटात फिरताना हमखास प्रश्न येतो, "साहेब, रोपं कुठली आणायची?" थोडीच झाडे लावायची असतील तर रोपे घरी करावीत. पैसा वाचतो हे खरेच, पण मुख्य फायदा निराळा आहे.

बेणे खराब तर ऊस खराब, हे तुम्हांला सांगायला नको. काणी लागलेल्या उसाचे बेणे लावले की काणी नव्या फडात जाते. डाळिंबाच्या तेल्या रोगाचेही तसेच आहे. २००० सालानंतर या रोगापायी सोलापूर जिल्ह्यात कितीतरी बागा काढून टाकाव्या लागल्या. हा रोग जिवाणूमुळे होतो आणि रोगट रोपांबरोबर तो दूरच्या शिवारात पोचतो. विकतचे रोप कोणत्या झाडाचे, हे रोपाकडे पाहून कळत नाही. गुटी घरी बांधली तर मूळ झाड आपल्या डोळ्यांसमोर असते. बियांपासून मात्र रोपे करू नयेत. त्यांत मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत.

गुटीला मुळ्या का फुटतात? मुळांनी ओढलेले पाणी लाकडातून वर चढते आणि पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरते. सालीचे कडे काढले तरी पाणी चालू राहते, पण अन्न वरच्या कापाशी अडते. तिथे ओलावा आणि अंधार मिळाला की मुळ्या सुटतात.

कृती अशी :

१) झाड तीन-चार वर्षांचे, चांगली फळे देणारे असावे. गेली दोन वर्षे त्यावर व आजूबाजूच्या झाडांवर तेल्या किंवा मर दिसलेली नसावी. झाड शेजाऱ्याचे असले तरी चालेल, पण स्वतः जाऊन पाहावे.

२) जून ते ऑगस्ट हा काळ चांगला. हवेत दमटपणा असतो.

३) पेन्सिलीएवढी जाड, पक्व फांदी घ्यावी. जोमाने सरळ वाढणारा पाणसोट घेऊ नये.

४) चाकू निर्जंतुक करून इंचभर रुंद सालीचे कडे गोल काढावे. खालचा बुळबुळीत थर खरवडावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळ्या फुटत नाहीत.

५) वरच्या कापाला मुळ्या फुटण्याचे संजीवक लावावे.

६) भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ त्याभोवती दाबून बसवावे. पाणी निथळत राहिले तर फांदी कुजते. वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने आवळावीत, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरणार नाही.

महिना-दीड महिन्यात कागदातून पांढऱ्या मुळ्या दिसतात. बरेच जण इथेच घाई करतात. मुळ्या तांबूस होऊ द्याव्यात. मग गुटीच्या खाली आधी अर्धा काप द्यावा आणि आठ-दहा दिवसांनी फांदी पूर्ण तोडावी. कागद सोडावा, शेवाळ मात्र ओढून काढू नये, मुळ्या तुटतात. निम्मी पाने कमी करून गुटी माती व कुजलेल्या शेणखताच्या पिशवीत लावावी, दोन महिने सावलीत ठेवावी आणि हळूहळू उन्हाची सवय लावून मगच शेतात न्यावी.

पेरू आणि लिंबाची गुटीही याच रीतीने बांधता येते. घरातल्या मुलांना एखादी फांदी बांधायला द्या, लवकर शिकतील.

झाडाबद्दल शंका वाटली तर त्याची गुटी बांधूच नये. गट कार्यालयात विचारावे किंवा सोलापूर येथील, २००५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. फुकटची रोगट गुटी शेवटी सगळ्यांत महाग पडते.

– ऊस विकास अधिकारी