शेणाचा धूर कीं शेणाचा वायु?

पर्यावरणाच्या रक्षणासाठीं सरकारनें कायदे करावे आणि घरधन्यानें आपल्या चुलीकडे पाहूंच नये, हें आमच्या मतें बरोबर नाहीं. कारखान्यांच्या धुराविषयीं आपण पुष्कळ वाचतों. स्वयंपाकघरांतील धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. त्यावर सरकारनें खेडोपाडीं नेलेला एक उपाय म्हणजे गोबरगॅस.

ही कल्पना नवी नव्हे. मुंबईस माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत 1897 सालीं मैल्यापासून वायु काढून त्याचा उपयोग करण्यांत आला होता. पुढें जशभाई पटेल यांनीं तरंगत्या लोखंडी टोपीचें यंत्र सिद्ध केलें व खादी ग्रामोद्योग आयोगानें त्याचा प्रसार केला. 1981-82 पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय योजना सुरू होऊन अनुदान मिळूं लागलें. 1984 सालीं दीनबंधु पद्धत निघाली. तींत टोपीऐवजीं विटांचा घुमट असतो. टोपीस रंग न दिल्यास गंज चढे, ती कटकट गेली. मात्र घुमटाचा गिलावा कसबी गवंड्याकडूनच करवावा, नाहीं तर वायु भिंतींतून निसटतो.

आतां हिशेब. 1 घनमीटर वायूस रोज सुमारें 25 किलो ताजें शेण व तितकेंच पाणी लागतें. मोठें जनावर दिवसास सरासरी 10 किलो शेण देतें असें धरल्यास, 5 जनावरांवर 2 घनमीटरांचें यंत्र चालतें. 1 घनमीटर वायु म्हणजे अदमासें 0.43 किलो सिलिंडरांतील गॅस. म्हणजे 14.2 किलोंच्या एका सिलिंडराचें काम 16-17 दिवसांत घरच्या गोठ्यांतून निघतें. थंडींत वायु कमी होतो, तेवढी वजाबाकी करावी.

आमच्या मतें खरा लाभ खताचा आहे. गोवरी जळली कीं तींतील नत्र धुराबरोबर जातें आणि हातीं राख उरते. यंत्रांतून वायुरूपानें मुख्यतः कर्ब व हायड्रोजन निघून जातात. नत्र मळींत राहतें. ती मळी उन्हांत वाळवीत ठेवूं नये, त्यानें नत्र उडतें. ओलीच शेतांत न्यावी किंवा खताच्या खड्ड्यांत कचऱ्यावर ओतावी.

असें असतां कित्येक गांवीं हीं यंत्रें मातीनें बुजलेलीं आढळतात. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले. 2016 सालीं उज्ज्वला योजना निघाली आणि गरिबांच्या घरींही सिलिंडर पोंचला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु एक कारण पुरुषमंडळी सहसा बोलत नाहींत. रोज शेण कालविणें व त्यासाठीं पाणी वाहणें घरच्या बायकांच्या वांट्यास येई. सिलिंडर येतांच त्यांनीं तें टाकलें. त्यांस दोष देववत नाहीं. हें काम गोठ्याच्या झाडलोटीबरोबर गड्याकडे द्यावें, किंवा धन्यानें स्वतः करावें. सरकारी तक्त्यांत यंत्र बांधलें त्या दिवशीं आकडा चढतो. तें बंद पडलें म्हणून आकडा उतरलेला आम्हीं पाहिला नाहीं, आणि आमचा जन्म तक्ते भरण्यांतच गेला आहे.

नवें यंत्र बांधावयाचें तर गोठ्याजवळ, उन्हाच्या जागीं आणि विहिरीपासून निदान 15 मीटर दूर बांधावें. वैशाखांत पाणी पुरतें कीं नाहीं तें अगोदर पाहावें. तयार झालेला वायु न जाळतां हवेंत सोडूं नये. हवा तापविण्यांत तो कर्बवायूहून कित्येक पटींनीं जहाल आहे.

जुनें बंद यंत्र पुन्हां चालू करणारांस एक सूचना. नळ्यांत सांचलेलें पाणी काढावें व तोंडावरील साय मोडावी. पण साफसफाईसाठीं कोणासही आंत उतरवूं नये. आंतील वायूनें उतरलेला मनुष्य क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्यास काढावयास गेलेलाही दगावतो. मळी वरूनच पंपानें किंवा लांब दांड्याच्या बादलीनें उपसावी आणि त्या वेळीं जवळपास विडीही पेटवूं नये.