पवनचक्की खरंच ढग पळवते का?



मागच्या वेळी आपण सौर पंपाचा अर्ज कसा भरायचा ते बोललो. त्यानंतर फोन बरेच आले, पण अर्जाबद्दल विचारणाऱ्या थोड्याच निघाल्या. एक मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही उन्हाची वीज, वाऱ्याची वीज म्हणून कौतुक सांगता. पण त्या पठारावरच्या पंख्यांनीच आमचा पाऊस पळवला, त्याचं काय?" दुसरीचा मुलगा मोबाईलवर बघून तिला सांगतो की हवामान बदल वगैरे सगळं थोतांड आहे, ऊन काय आज पडायला लागलंय का? आणि तिसरीच्या गावात सभा झाली होती. तिथे सांगितलं की सौर आलं की बिल शून्य, पाणी दिवसभर, सगळे प्रश्न मिटले. ती म्हणाली, "हे तरी खरं का?"

तिघींचे प्रश्न वेगळे दिसतात, पण एकाच दोरीला बांधलेले आहेत. म्हणून आज तिन्ही घेते.

आधी मावशींचा. साताऱ्याजवळ चाळकेवाडी, वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या 1990 च्या दशकाच्या शेवटी. त्यानंतर काही वर्षांतच आपल्याकडे मोठा दुष्काळ पडला. 2003 साल तुम्हाला आठवत असेल, चारा छावण्या, टँकरची वाट बघणं. लोकांनी वर बघितलं तर नवीन काय दिसलं? पंखे. सातारा, सांगली भागात तेव्हा हीच चर्चा होती की पंखे फिरतात म्हणून ढग फाटतात. आणि ही समजूत वेड्यासारखी नव्हती बरं का. पावसाळ्यात चाळकेवाडीच्या पठारावर ढग अगदी जमिनीला टेकतात. धुक्यात पाती फिरताना आणि ढग त्यातून सरकताना डोळ्यांनी दिसतं. डोळ्यांनी दिसलेलं माणूस कसं नाकारणार?

पण आता हिशोब करू. मोठ्या पवनचक्कीचं पातं अगदी वरच्या टोकाला असतं तेव्हा जमिनीपासून दीडशे-दोनशे मीटरवर असतं. त्या काळातल्या चक्क्या तर याहून पुष्कळ बुटक्या. पावसाचा ढग मात्र कित्येक किलोमीटर उंच असतो, गडगडाटी ढगाचा माथा दहा किलोमीटरच्याही वर जातो. समुद्रावरून बाष्प घेऊन येणारा मान्सूनचा वारा हासुद्धा असाच जाडजूड थर आहे. त्याच्या तळाशी पंखा फिरला तर काय होईल? चुलीचा धूर फुंकून थोडा हलवता येतो, पण गावावर आलेलं धुकं फुंकून जात नाही, तसंच.

पंख्याचा काहीच परिणाम होत नाही, असंही मी म्हणणार नाही. चक्कीच्या मागे काही अंतरापर्यंत वारा मंदावतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये पवनचक्क्यांचं मोठं जंगलच आहे. तिथे उपग्रहाच्या मदतीने अभ्यास झाला, तो 2012 मध्ये छापून आला. रात्री चक्क्यांच्या आसपास जमीन किंचित जास्त उबदार राहते, कारण पाती वरची आणि खालची हवा घुसळतात. म्हणजे परिणाम आहे, पण जवळपासचा आणि छोटा. ढग पळवण्याइतका नाही.

मग माण-खटावला पाऊस का नाही? त्याचं उत्तर पंख्यांच्या कितीतरी आधीचं आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. सरळ रेषेत मधलं अंतर शंभर किलोमीटरही नाही. वारा सह्याद्री चढताना पिळून निघतो आणि उतरून आपल्याकडे येतो तेव्हा जवळजवळ कोरडा असतो. आपण पर्जन्यछायेत राहतो. 1876 ते 78 चा दुष्काळ, 1972 चा दुष्काळ, तेव्हा पठारावर एकही पंखा नव्हता. उलट बाजूही बघा. 2005 मध्ये आणि 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगली पाण्यात गेली. तेव्हा पंखे काढून ठेवले होते का? उलट 2003 पेक्षा जास्तच होते.

मावशी, तुमचा राग मात्र मला खोटा वाटत नाही. पठारावर कवडीमोलाने जमिनी गेल्या, वीज दूर शहरात गेली, गावात अंधार तसाच, असं ज्यांना वाटतं त्यांना "ढग पळवले" हे म्हणणं सोपं जातं. धुळ्यात साक्री भागात तर वनजमिनीवरून आदिवासी शेतकरी आणि पवनचक्क्या असा वाद झालेला आहे. जमीन कोणी दिली, किती पैसे मिळाले, ग्रामसभेला विचारलं का, हे प्रश्न अगदी रास्त आहेत. पण ढगांची तक्रार घेऊन गेलं की साहेब हसून वाटेला लावतात आणि जमिनीची तक्रार ऐकायचीही त्यांची वेळ टळते. माझं दुखणं आहे ते हे.

आता दुसरीच्या मुलाचं. हवामान पूर्वीही बदलत होतं, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. प्रश्न असा की आता कशामुळे बदलतंय. त्याला एक गोष्ट सांगा, बाईची आहे. 1856 साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत साधी हवा, एकीत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे लाकूड-कोळसा जळताना निघतो तो वायू. नळ्या उन्हात ठेवल्या. वायूची नळी जास्त तापली, आणि सावलीत आणल्यावर थंड व्हायलाही जास्त वेळ लागला. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की हवेत हा वायू जास्त असेल तर पृथ्वी जास्त गरम राहील. त्यांचा निबंध परिषदेत वाचला तो एका पुरुष शास्त्रज्ञाने, आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं बाईंचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं. याच बाईंनी 1848 मध्ये सेनेका फॉल्स इथल्या स्त्रियांच्या हक्काच्या जाहीरनाम्यावर सही केली होती.

म्हणजे ही कालपरवाची टूम नाही. कारखाने आणि आगगाड्या येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे 280 भाग होता, आज 420 च्या वर आहे. 1958 पासून हवाई बेटावरच्या एका डोंगरावर तो सतत मोजला जातो. "सूर्यच जास्त तापला असेल" असं मुलगा म्हणेल. सूर्यापासून येणारी ऊर्जा उपग्रह गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं मोजतायत. ती वाढलेली नाही. पृथ्वीचं तापमान मात्र त्याच काळात वाढलं.

मग एवढा संशय पसरला कसा? थोडा आपोआप, थोडा पसरवलेला. एक्सॉन या अमेरिकेतल्या बड्या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या, ऐंशीच्या दशकात तापमानवाढीचे अंदाज काढले होते. ते पुष्कळसे बरोबर ठरले. बाहेर मात्र कंपनी कित्येक वर्षं लोकांना सांगत राहिली की अजून काही नक्की नाही.

या संशयात आपल्या बाजूचं एक खरं दुखणंही आहे. अमेरिकेतला माणूस सरासरी वर्षाला चौदा टनांच्या आसपास हा वायू सोडतो, आपल्याकडचा माणूस दोन टनांच्या आसपास. त्यांनी घाण केली आणि झाडू आपल्या हातात, असं कोणी म्हटलं तर ते चूक नाही. पण घाण कोणी केली यावर भांडण आहे, म्हणून घाणच नाही असं होत नाही ना!

आणि आपल्या शेतात काय दिसतं? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1950 ते 2015 चा पाऊस तपासला. मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे मधले कोरडे दिवस लांबले आणि पडला की धो धो. मृगात पेरलं, मग तीन आठवडे काही नाही, दुबार पेरणी, आणि काढणीला आल्यावर बाजरी पाण्यात. हे तुम्ही मला सांगता, मी तुम्हाला काय सांगणार.

आता तिसरीचा प्रश्न. सौर आलं की सगळं मिटलं का? स्वस्त झालंय हे खरं. 2010 च्या सुमारास सौर विजेचं युनिट दहा रुपयांच्या वर जायचं. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडला इथे लिलावात ते 2 रुपये 44 पैशांवर आलं. "मग आमचं बिल का नाही उतरलं?" कारण तो भाव वीज तयार होते त्या जागेवरचा आहे. तारा, डीपी, गळती, चोरी, जुन्या कोळशाच्या केंद्रांशी केलेले करार, हे सगळं बिलात राहतंच. देशात वीजनिर्मितीची जी यंत्रं बसवलेली आहेत, त्यातली निम्मी क्षमता आता कोळसा-गॅसशिवायची आहे, असं 2025 मध्ये जाहीर झालं. ऐकायला छान. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही बहुतांश वाटा कोळशाचाच, कारण सौर पाटी संध्याकाळी झोपते आणि आपण नेमक्या तेव्हाच दिवे, टीव्ही, मिक्सर लावतो. दिवसाची वीज रात्रीसाठी ठेवायची सोय लागते, जशी आपण दिवसा वरची टाकी भरून ठेवतो. घाटघरला तेच करतात. जादा वीज असते तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज काढायची. अशी ठिकाणं अजून थोडी आहेत.

तरीही मी सौर पंपाच्या बाजूची आहे, आणि कारण एकच, रात्रीची पाळी. रात्री दोनला लाईट येते. मालक बॅटरी घेऊन दारं धरायला जातात आणि इकडे बाई जागी. साप, विंचू, ओल्या हाताने स्टार्टरला लागणारा शॉक. दिवसा पाणी मिळालं तर घरातल्या दोघांची झोप परत मिळते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. पण लक्षात ठेवा, ऊन फुकट म्हणजे विहिरीतलं पाणी फुकट नव्हे. बिल येत नाही म्हणून मोटर दिवसभर चालली तर शेजारणीची विहीर आधी आटते, मग आपली. हे सभेत कोणी सांगत नाही. ठिबक नसेल आणि गावात पाण्याचं काही ठरलेलं नसेल, तर पंप येऊन दोन उन्हाळ्यांत पाणी खोल जाईल.

आणि पंप कोणाच्या नावावर? सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. पंपाच्या अर्जाआधी तो दिला तर बरं.

पावसाचं भांडण तुम्हाला घरीच पडताळता येईल. सरळ भिंतीचा डबा घ्या, तोंड आणि बूड सारखंच रुंद असलेला. उघड्यावर ठेवा, झाड आणि छपरापासून लांब. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी मुलांच्या पट्टीने मोजा, किती मिलिमीटर ते वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खात्याचीही हीच वेळ. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि मंडळाचं यंत्र बहुधा दुसऱ्याच गावात असतं. तुमच्या डब्याचा आकडा पंचनाम्यात घेत नाहीत. पण पाच गावांतल्या पाच बायकांच्या वह्या एकाच तारखेला ऐंशी सांगत असतील आणि मंडळाचं यंत्र तीस, तर तहसीलदारांसमोर ठेवायला काहीतरी हातात असेल. वही सुरू केलीत तर फोन करून आकडे कळवा, दर सोमवारी मी ते इथे वाचून दाखवीन.