राजवाड्यात पुढच्या दारानेच शिरावे

आज काचेच्या इमारतींसाठी ओळखल्या जाणाऱ्या बेंगळुरूच्या व्हाइटफील्डचा जुना नकाशा गोल आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ मध्ये युरेशियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची ही शेतीची वसाहत वसली. तिला नाव मिळाले तिचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांचे. मधे मोकळे मैदान आणि भोवती घरे, अशी तिची आखणी. इनर सर्कल, आउटर सर्कल ही रस्त्यांची नावे अजून टिकून आहेत. मध्यभागी कोणाचाही वाडा नाही. वस्तीच्या मध्यभागी कोण आहे आणि तिथवर कोणत्या वाटेने जायचे, यावरून सत्तेचा स्वभाव ओळखता येतो. राजवाड्यांच्या बाबतीत तर तो फार स्पष्ट दिसतो.

याचे सर्वात रेखीव उदाहरण बीजिंगमध्ये आहे. मिंग घराण्यातील सम्राट योंगलने १४०६ मध्ये तिथल्या राजवाड्याचे काम सुरू करवले आणि १४२० मध्ये ते पुरे झाले. दक्षिणोत्तर ९६१ मीटर, पूर्वपश्चिम ७५३ मीटर आणि भोवती ५२ मीटर रुंदीचा खंदक. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसे आणि येणारा माणूस दक्षिणेकडून आत येई. दरवाज्यामागून दरवाजे, मग पाण्यावरचे पाच पूल, मग झाड नसलेले विस्तीर्ण अंगण आणि शेवटी संगमरवरी तिहेरी चौथऱ्यावरचा ताईहे हा सिंहासनाचा महाल. दक्षिणेच्या मुख्य दरवाज्याची मधली कमान फक्त सम्राटाची. सम्राज्ञीला लग्नाच्या दिवशी तिथून आत येता येई आणि राजपरीक्षेत पहिल्या तिघांत आलेल्या विद्वानांना एकदाच तिथून बाहेर पडण्याचा मान मिळे.

हा मान-मरातब छपरावरही मांडला आहे. कौलारू छपराच्या कोपऱ्यांवर छोट्या प्राण्यांची रांग असते. इमारत जितकी मोठ्या मानाची तितके प्राणी अधिक. पूर्ण दहा प्राणी फक्त ताईहे महालावर. पिवळी कौले सम्राटाची खूण. पण ग्रंथालयाच्या छपरावर काळी कौले घातली, कारण चिनी पंचतत्त्वांत काळा रंग पाण्याचा आणि ग्रंथांना भय आगीचे. ते भय खरेच होते: नव्या राजवाड्याचे तीन मुख्य महाल १४२१ मध्येच आगीत गेले आणि ते पुन्हा बांधावे लागले.

मराठी माणसाने ही वास्तू पाहताना रायगड मनात ठेवावा. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड जावळीच्या मोऱ्यांकडून घेतला आणि हिरोजी इंदुलकरांनी तो राजधानीच्या तोलाचा बांधला. जगदीश्वराच्या मंदिरातील संस्कृत शिलालेखात विहिरी, तळी, बागा, रस्ते, हत्तीशाळा आणि राजमंदिरे यांची नोंद आहे. डोंगर सरळ रेघ ओढू देत नाही. महादरवाज्याशी वाट बुरुजांच्या आडून वळते आणि तो दोन बुरुजांच्या मधे शिरल्यावरच दिसतो. त्याच्या दोन्ही अंगांस दगडात कोरलेली कमळे आहेत. पुढे होळीचा माळ, मग नगारखाना, आणि त्या कमानीतून राजसभा. ही सभा सुमारे २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद. सिंहासन पूर्वाभिमुख, नगारखान्याच्या अगदी समोर. कमानीत उभे राहून हळू बोलले तरी सिंहासनाच्या जागी ऐकू येते. आज सभा उघड्यावर असली तरी हा अनुभव कोणालाही घेता येतो.

६ जून १६७४ रोजी इथे झालेल्या महाराजांच्या राज्याभिषेकाला मुंबईचा इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याने सिंहासनाच्या दोन बाजूंची चिन्हे टिपून ठेवली आहेत. उजवीकडे भाल्यांवर मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखे, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल. मत्स्यचिन्ह मुघल दरबारातले मानचिन्ह. शेपट्यांचे निशाण मध्य आशियातल्या तुर्क-मंगोलांचे; त्याच मंगोलांनी मिंगांच्या आधी, १३६८ पर्यंत, बीजिंगमधूनही राज्य केले होते. ज्या खुणा जगाला सार्वभौमत्वाच्या म्हणून ठाऊक होत्या, त्या महाराजांनी हक्काने उभ्या केल्या आणि त्यांच्या बरोबरीला न्यायाचा तराजू ठेवला.

ऑक्झिंडेन लिहितो की आम्ही दुरूनच मुजरा केला. दुभाषी नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांचे लक्ष गेले आणि त्यांनी इंग्रजांना थेट सिंहासनाच्या पायथ्याशी बोलावले. बाहेर पडताना दाराशी उभे असलेले हत्ती पाहून तो थक्क झाला, कारण इतक्या अवघड वाटेने ते वर कसे आणले हे त्याला उमगेना. बीजिंगमध्ये अंतर हाच सम्राटाचा मान होता. रायगडावर वाट कठीण आहे, पण सभेच्या दारात पोहोचलेल्या माणसाचा आवाज राजापर्यंत जातो.

१८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावरचे लाकडी मजले जाळले. दगडी चौथरे आणि कमानी उरल्या, म्हणजे मांडणी शाबूत आहे. मात्र आज रोपवेने वर आलेले अनेकजण मेणा दरवाज्याने, म्हणजे राणीवशाच्या बाजूने आत शिरतात आणि सिंहासनाच्या जागी मागून पोहोचतात. बीजिंगच्या राजवाड्यात २०११ पासून पर्यटकांनी दक्षिणेच्या दरवाज्याने आत जायचे असा नियम आहे. त्यामुळे मूळ क्रम आपोआप पाळला जातो. रायगडावरही फलक लावून अशीच वाट आखायला हवी. तोवर आपणच एवढे करावे: रोपवेने गेलात तरी वळसा घालून होळीच्या माळावर यावे, नगारखान्यातून आत शिरावे आणि राजसभा समोरूनच पाहावी.